गोंड्याचे पांढरे दात

कवळीमामांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा निदान तीनशे बत्तिशा माझ्याकडे बघून एकदम हसल्या. इतकं स्वागत माझं आयुष्यात कुठे झालेलं नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. त्या सगळ्या फळीवर मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे मामा बसले होते. त्यांनी ना माझं नाव विचारलं, ना काम. सरळ माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, "चहा जास्त पिता."

मी वडिलांची तुटलेली कवळी घेऊन गेलो होतो. ती जोडून मिळाली आणि सोबत मामा गळ्यात पडले ते कायमचे.

मामांचं जग सरळ होतं. दात पांढरे तर माणूस ठीक. दात पिवळे तर माणूस आळशी. बायकोच्या माघारी त्यांनी मुलीला वाढवलं तेही याच तत्त्वावर. मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा तिनं आपला चिंचिला त्यांच्या हवाली केला. चिंचिला म्हणजे खारीची शेपटी, सशाचं अंग, उंदराच्या मिशा आणि वर एखाद्या श्रीमंत बाईचा फरकोट. नाव गोंड्या.

"बाबा, वाळलेलं गवत, पाणी आणि लोळायला बारीक धूळ. खोली गार ठेवा. बाकी काही देऊ नका. माझा जीव आहे त्याच्यात."

"तुझा जीव माझ्याकडे सुखरूप राहील," मामा म्हणाले आणि मुलगी विमानात बसताच त्यांनी गोंड्याचा ओठ वर करून पाहिला. दात नारिंगी! गाजरासारखे!

मामा तसेच माझ्याकडे आले. "लेखक, नाक कापलं गेलं हो! कवळीवाल्याच्या घरात असले दात! पोरीनं गवत चारून चारून रंगवलेत."

मग मामांनी इलाज सुरू केला. गवत कमी. नवी कवळी बसवलेल्या गिऱ्हाइकाला ते जे सांगत, तेच गोंड्याला लागू झालं: मऊ खायचं, चावायचं कमी, घाई करायची नाही. दुधात भिजवलेला पाव, शिजवून कुस्करलेला बटाटा. गोंड्या खूश. थाळी बघून उड्या मारायचा.

काही महिन्यांत दात खरोखरच फिकट होत गेले, आणि मग पांढरे झाले. मामांनी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवले. मलाही ओठ वर करून दाखवले. "बघा! ब्रश नाही, पेस्ट नाही! नुसती शिस्त!" मी टाळ्या वाजवल्या. मला काय कळतंय?

पुढे गोंड्याची हनुवटी ओली दिसू लागली. मी विचारलं, तर मामा म्हणाले, "लाळ? नव्या दातांना सुटतेच. सवय होईल." लेंड्या बारीक झाल्या. मामा म्हणाले, "मोजकं खातोय, शहाणा झालाय." डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मात्र त्यांनी मुलीचा फोटो आणून त्याच्या पिंजऱ्यासमोर ठेवला. "पोरीची आठवण येते हो त्याला."

एका दुपारी मी दुकानात बसलो असताना गोंड्यानं पावाचा तुकडा दोन्ही पंजांत धरला, तोंडाशी नेला आणि टाकून दिला. पुन्हा उचलला. पुन्हा टाकला.

मामांच्या हातातली कवळी टेबलावर पडली. "लेखक, याला भूक आहे. याला खाता येत नाहीये. टोचतंय याला! कवळी लागली की माणूस असाच खातो, उचलतो आणि ठेवतो."

त्यांनी घाईनं गोंड्याला पकडायला हात घातला. चिंचिला घाबरला की अंगावरचे केस सोडून पळतो, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. गोंड्या निसटला आणि मामांच्या मुठीत केसांचा झुबका राहिला. "मेला! मेला हो!" मामा ओरडले. मेलेला गोंड्या कपाटावर बसून आमच्याकडे बघत होता.

शेवटी त्याला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छोट्या दुर्बिणीतून त्याचं तोंड तपासलं.

"काका, याला गवत देत नाही का तुम्ही? या प्राण्यांचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून झिजतात. मागच्या दाढांना टोकं आलीत, ती जिभेत घुसताहेत. थोडा उशीर झाला असता तर उपाशी गेला असता."

"पण पुढचे बघा ना," मामा कसेबसे म्हणाले. "किती पांढरे..."

"तेच तर! यांचे दात नारिंगीच हवेत. पांढरे म्हणजे दुखणं."

तीनशे बत्तिशांच्या मालकाचं तोंड मिटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोंड्याच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "पोरीला काय सांगू मी?" आणि मग, अगदी हळू, "दाढा घासायला कानस कुठली वापरता?"

डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन दाढा घासल्या. पुढे मामा गोंड्याला मांडीवर घेऊन, गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचा रुमाल त्याच्या गळ्यात बांधून, सुई काढलेल्या सिरिंजनं पातळ खाणं भरवत. "आ कर, राजा. शाबास. गिळ." दुकानात गवताचे भारे आले. रोज ओठ वर करून तपासणी व्हायची, पण आता उलटी. पहिली पिवळी झाक दिसली त्या दिवशी मामांनी मला पेढे भरवले आणि माझ्या दातांकडे बघून म्हणाले, "तुमची तब्येत उत्तम आहे."

मुलगी परत आली ती लग्न करूनच. मामांनी सगळं कबूल केलं. तिनं ऐकलं, गोंड्याचे दात पाहिले आणि बापाला जवळ घेतलं.

जावयाला केसाळ प्राण्यांची ऍलर्जी होती. गोंड्या मामांकडेच राहिला आणि काही वर्षांनी म्हातारपणानं गेला. पिंजऱ्यात मामा आता दुरुस्तीच्या कवळ्या ठेवतात.