ब्रिकेटचा नमुना

आम्रपाली ओव्हाळला स्वरूपाचं काही म्हणजे काही बघवत नव्हतं. तिची फिरती खुर्ची बघवत नव्हती, दारावरची पाटी बघवत नव्हती, आणि शिपाई चहा आधी तिच्या टेबलावर नेऊन ठेवायचा तेव्हा तर आम्रपालीच्या पोटात कळच यायची. बावीस वर्षं! कुरुळीच्या पुढच्या त्या सरकारी विद्यापीठात, खरेदी कक्षात, बावीस वर्षं तिनं फायली उपसल्या होत्या. साफसफाईपासून जनरेटरपर्यंत एकही ठेका तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मंजूर झालेला नव्हता. आणि कक्ष अधिकारी कोण झालं? तर ही स्वरूपा, परीक्षा देऊन परवा परवा आलेली एकतीस वर्षांची पोरगी.

बरं, पोरगी वाईट असती तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण ही बया गोड बोलायची. "आम्रपालीताई, हे कसं करतात हो?" असं सगळ्यांदेखत विचारायची. विचारून घ्यायची, आणि मग तेच आत जाऊन व्यवस्थापन परिषदेपुढे सांगायची. आम्रपाली बाहेरच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसायची, आत कुणाला एखादा कागद लागलाच तर शिपायाच्या हाती द्यायला.

"सरळ म्हण की जळतीयेस," तिचा नवरा जयसिंग एकदा जेवताना म्हणाला. तो चाकणला कंपनीत कामाला. थेरगावच्या घरी आला की त्याला बायकोच्या ऑफिसचंच ऐकावं लागायचं.

"मी कशाला जळू? माझं काय अडलंय तिच्यावाचून?" असं म्हणून तिनं त्याच्या ताटात नको असलेली तिसरी भाकरी आदळली. जळत तर होतीच. चांगली धडधडून जळत होती.

नोव्हेंबर उजाडला तसा बॉयलरच्या इंधनाचा विषय आला. वसतिगृहांत अंघोळीचं पाणी तापवायला एक मोठा बॉयलर होता. त्यात ब्रिकेट जाळायचे, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जाडजूड कांड्या. दरवर्षी निविदा निघायची, कमी दरवाला ठरायचा, मग फाईल खरेदी समिती, वित्त समिती अशा पायऱ्या चढत परिषदेपुढे जायची. तिथं मंजुरी मिळाली की गाड्या सुरू.

पण या सगळ्यात एक गोष्ट अशी होती जी कुठल्याच नियमात नव्हती. फार वर्षांपूर्वी एकदा ओला माल आला होता. बॉयलरनं नुसता धूर ओकला आणि पोरींनी आठवडाभर गार पाण्यानं अंघोळी केल्या. तेव्हापासून आम्रपालीनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. दर उघडले की बॉयलरवरच्या मीरासाहेबांना बरोबर घ्यायचं, ठेकेदाराच्या गोदामात जायचं, थप्पीच्या पार मधल्या कांड्या ओढून काढायच्या, पिशवीत घालायच्या आणि ओल तपासायला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्यायच्या. मग टिपणीत एक ओळ लिहायची : "नमुना तपासला असून समाधानकारक आढळला." त्या ओळीवर परिषदेचा भारी विश्वास. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि यंदाही कुणी सांगितलं नाही.

यंदा ती गेली नाही. 'सांगू देत की अधिकारी मॅडमना. दरवेळी मीच का मरायचं?'

मीरासाहेब दोनदा विचारून गेले. "ताई, जायचं न्हाई का औंदा?"

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी परिषदेची टिपणी पानं लावायला तिच्या टेबलावर आली. सवयीनं तिनं वाचली आणि चौथ्या परिच्छेदाशी थबकली. नमुना तपासला असून समाधानकारक आढळला. खाली स्वरूपाची सही. झालं होतं असं की स्वरूपानं गेल्या वर्षीची टिपणी समोर ठेवून नाव, तारीख, दर तेवढे बदलले होते. सगळे असंच करतात, आणि तिला हे शिकवलं होतं आम्रपालीनंच.

बैठक गुरुवारी. पिशवी घेऊन आत्ता निघालं तरी बुधवारी अहवाल हातात आला असता. निदान आत जाऊन "मॅडम, नमुना राहिलाय" एवढे तीन शब्द बोलायचे होते. आम्रपालीनं पानांवर आकडे टाकले, पिन मारली आणि फाईल वर पाठवून दिली. 'पडू दे तोंडावर. एकदा तरी पडू दे.' त्या रात्री तिला छान झोप लागली.

गुरुवारी ती बाकावर बसली होती. तासाभरानं दार उघडून शिपाई म्हणाला, "ताई, तुम्हाला आत बोलावलंय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा ती आत गेली. लांबलचक टेबल, पंधरा-वीस माणसं. स्वरूपा उभी होती.

"बाई," एक वयस्क सदस्य म्हणाले, "नमुन्याचा अहवाल फायलीत नाही. या म्हणतात, नमुना तुम्हीच घेतलात. कधी घेतलात?"

आम्रपालीनं स्वरूपाकडे पाहिलं. ती अजिबात घाबरलेली नव्हती. उलट, आता ताई आल्या, मिटला विषय, अशा निर्धास्त चेहऱ्यानं बघत होती.

"नाही घेतला साहेब," आम्रपाली म्हणाली.

मग सदस्य स्वरूपाकडे वळले. "मॅडम, मग ही ओळ कशाच्या आधारावर लिहिलीत?"

स्वरूपाचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे सर. मी विचारायला हवं होतं."

विषय परत पाठवला. स्वरूपाला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. आणि अध्यक्ष म्हणाले, "यापुढे अशा टिपणीवर ओव्हाळबाईंचीही सही घेत जा. निदान त्या खरं तरी बोलतात."

बाहेर आल्यावर स्वरूपा बाकावर येऊन तिच्या शेजारीच बसली. डोळे भरले होते तिचे. "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही दरवर्षी न सांगता जाता, मग यंदाच कसं विचारायचं? तुमच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं असतं, म्हणून विचारलं नाही. तुमचं काहीतरी अडलं असेल. माझ्यासाठी खोटं बोलायला लागलं नाही तुम्हाला, तेच बरं झालं."

शिव्या दिल्या असत्या तर आम्रपालीनं दोन परत दिल्या असत्या. हे मात्र तिला सोसेना.

"मॅडम," ती म्हणाली, "टिपणी सोमवारी माझ्या टेबलावर आली होती."

"हो, पानं लावायला."

"मी वाचली होती. ती ओळ वाचली होती."

स्वरूपा तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, डोळे पुसले, फाईल छातीशी धरून जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई निरोप घेऊन आला. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं होतं. आम्रपाली आत जाऊन उभी राहिली.

"ओव्हाळबाई," स्वरूपा कागदावरून मान वर न करता म्हणाली, "नमुना घ्यायचा तुमच्या नावचा लेखी आदेश काढला आहे. पोच द्या."

आम्रपालीनं सही केली.