मैनाताईच्या तोंडी घातलेला अॅव्हरेज

बाळापुरात कुणाला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं असलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "मैनाताईले फोन लाव." ऑपरेशन झालेली बाई असो, नुकतंच टाके घातलेलं पोर असो, नाहीतर माझ्या आईसारखी डायलिसिसची पेशंट असो. माझी आई कौशल्या आठवड्यातून तीनदा मैनाताईच्या गाडीतून जाते, आणि तिच्यासोबत मी.

मैना तायडे आधी अकोल्यातल्या एका दवाखान्यात आया होत्या. सुट्टी झालेले पेशंट ऑटोत बसून, प्रत्येक खड्ड्याला पोट दाबून धरत घरी जाताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. एक दिवस नवऱ्याला म्हणाल्या, मी गाडी शिकते. नवरा मोतीराम नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर. तो हसला, पण आडवा आला नाही. चाळिशीच्या आत-बाहेर असताना ताई गाडी शिकल्या. आधी एक जुनी घेतली, ती मोडीत निघेपर्यंत चालवली, मग ही पांढरी सात सीटांची पेट्रोल गाडी घेतली. त्या ब्रेक मारतात तेव्हा मागं झोपलेल्या माणसाला कळतही नाही. हे एवढं सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात या बाईच्या पायालाच दोष दिला गेला, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मागच्या फेब्रुवारीत ताई सीट कव्हर बदलायला अकोल्यातल्या 'टर्बो झोन' नावाच्या दुकानात गेल्या. गाड्यांना बाहेरचं सामान बसवून देणारं दुकान. मालक अंकुर, तिशीतला, गोड बोलणारा. कव्हर चढवता चढवता त्यानं बोनट उघडलं आणि हवेच्या फिल्टरच्या काळ्या डब्यावर बोट ठेवलं.

"ताई, कंपनीवाले गाडीचं नाक दाबून विकतात. हा डबा काढून आपला इंटेक लावा. गाडी मोकळा श्वास घेईन. पिकअप वाढते, अॅव्हरेज दोन-तीननं वाढते. घाटात तं पाहूच नका!"

ताई विचारात पडल्या. पातूरच्या घाटातून वाशीमकडे पेशंट न्यायची वेळ त्यांच्यावर अधूनमधून येते, आणि भरलेली गाडी तिथं जड होते. त्या हो म्हणाल्या. अंकुरच्या माणसानं डबा आणि त्याची समोरच्या जाळीकडे जाणारी नळी काढली आणि तिथं चकचकीत पाइपावर लाल, शंकूसारखा उघडा फिल्टर बसवला. हाच त्याचा इंटेक. डबा भंगारात टाकत होते, तो ताईंनी मागून घेतला. आपली वस्तू टाकून यायची त्यांना सवय नाही.

गाडी चालू केली तर आवाज घुमला. अंकुरनं मोबाइल समोर धरला. "कसं वाटते, ताई?"

"आवाज तं वाघासारखा आला बाप्पा! एवढी ताकद असन तं अॅव्हरेज वाढलाच पायजे."

झालं. ताई नवी कव्हरं पाहून खूश होऊन घरी आल्या.

पहिली तक्रार माझ्या आईनं केली. डायलिसिस झालं की तिला टाचणी पडल्याचा आवाजही सहन होत नाही. ती म्हणाली, "मैना, तुह्या गाडीले दमा लागला का वं?" ताई ओशाळल्या. मग एप्रिलमध्ये पातूरच्या घाटात, पाच माणसं आणि एसी चालू असताना, गाडी पार गळाली. दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी जागा, तिथं पहिला टाकावा लागला. आवाज मात्र असा, की वाटावं विमान उडतंय. आणि टाकी लवकर रिकामी व्हायला लागली.

ताईंनी आधी स्वतःलाच तपासलं. टायरची हवा पाहिली. दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून पाहिलं. मोतीरामनं एसीवर खापर फोडलं, तर त्यांनी एकटं असताना काच खाली करून उन्हात गाडी चालवली. स्टँडवरचे ड्रायव्हर हसले. "ताई, आवाज आला की पाय दाबल्या जाते. मजा येत असन!"

शेवटी त्या अंकुरकडे गेल्या. मी सोबत होतो. अंकुरनं बोनट उघडलंसुद्धा नाही.

"ताई, प्रॉडक्ट एक नंबर हाये. प्रॉब्लेम पायाचा हाये. लेडीज ड्रायव्हिंगमंदी होते असं. एक्सलेटर हलकं ठेवा."

एवढी वर्षं आजारी माणसं पोटातलं पाणी न हलवता पोचवणाऱ्या बाईला हा पोरगा पाय कसा ठेवायचा ते शिकवत होता! मी तोंड उघडणार होतो, पण ताई म्हणाल्या, "चाल बरं, आईले घ्यायची वेळ झाली." परतीच्या रस्त्यात त्या पायातली चप्पल काढून गाडी चालवत होत्या. त्यांना त्याचं थोडं खरंच वाटायला लागलं होतं, आणि ते पाहून मला जास्त संताप आला.

जूनमध्ये ताई एक पेशंट घेऊन अमरावतीला गेल्या. दवाखान्याबाहेर चहा पीत असताना एक तरुण ड्रायव्हर समोर येऊन उभा राहिला. नितेश त्याचं नाव, भातकुलीचा.

"तुमी त्या व्हिडिओवाल्या ताई ना? बाळापूरच्या?"

"कोनता व्हिडिओ?"

"आता माहीत नसल्यासारखं नोका करू. तुमचं पाहूनच म्या त्या दुकानात जाऊन इंटेक बसवला. म्हटलं, पेशंट नेणारी बाई खोटं कावून बोलन? गाडीचा पार सत्यानाश झाला. सांगा तं खरं, किती कमिशन भेटलं तुमाले?"

ताईंच्या हातातला चहा तसाच राहिला. नितेशनं मोबाइल काढून दाखवला. त्यात ताई होत्या, त्यांची पांढरी गाडी होती, वर ढोलताशाचा आवाज. ताई हसून म्हणत होत्या, "आवाज तं वाघासारखा आला बाप्पा!" आणि लगेच, "अॅव्हरेज वाढला." पुढचं 'च पायजे' कापलेलं, मागचं 'असन तं' कापलेलं. खाली लिहिलेलं, 'पेशंटवाल्या मैनाताईंचा अनुभव.' अनुभव! गाडी तेव्हा दुकानाच्या दारातून हललीसुद्धा नव्हती. हजारो लोकांनी तो पाहिला होता. ताईंना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

पेट्रोल गेलं त्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. पण आपल्या नावावर दुसऱ्याला फसवलं गेलं, आणि फसलेला माणूस आपल्याला कमिशन विचारतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या नितेशला म्हणाल्या, "भाऊ, तुहा नंबर दे. तुले मी बोलावतो. तवा येजो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी अकोल्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथं वर्षाली नावाची सुपरवायझर आहे. तिनं बोनट उघडून लाल फिल्टरला हात लावला आणि लगेच मागे घेतला. चटका बसला होता.

"ताई, तुमचा जुना डबा बंद होता आणि त्याची नळी समोरून, बाहेरची गार हवा घेत होती," ती म्हणाली. "हा उघडा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतोय. गरम हवा विरळ असते. मग ताकद कुठून वाढणार? उलट कमी होते. तुम्हाला ऐकू येतो तो फक्त आवाज."

"अन् अॅव्हरेज?"

"हवा जास्त आली म्हणून अॅव्हरेज वाढत नाही. किती हवा आली ते गाडीतला सेन्सर मोजतो आणि तेवढ्या हिशोबानं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. हवा जास्त तर पेट्रोलही जास्त. रेसच्या गाडीला, बाहेरून नीट गार हवा देऊन, इंजिन फुल फिरवलं तर थोडीफार ताकद मिळते. पेशंटच्या गाडीला त्याचं काय काम?" मग तिनं सेन्सर काढून दाखवला. त्यावर तेलकट, काळपट थर होता. "या फिल्टरला तेल लावतात. ते उडून इथं बसलं आणि त्यावर आपल्याकडची धूळ. आता हा चुकीचं मोजतोय, म्हणून पेट्रोलही चुकीचं सुटतंय."

ताईंनी सेन्सर तसाच परत बसवायला सांगितला. वर्षालीला कळेना. ताई म्हणाल्या, "आज साफ नोको करू. मले कोनाले तरी दाखवायचं हाये."

तिथून त्या तडक टर्बो झोनला गेल्या. दुकानात गिऱ्हाईकं होती. अंकुरनं हात जोडले. "या ताई! फेमस केलं तुमाले!"

"तोंड माह्यं, गाडी माह्यी, अन् बोलणं तुह्यं?" ताईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मी वाढला म्हटलं का वाढलाच पायजे म्हटलं?"

"एडिटिंगमंदी होते थोडंफार. काढून टाकतो ना. तुमाले एक म्युझिक सिस्टिम लावून देतो, फ्री."

"लोकाइले लुटून मले गाणे आयकवते का रे? माह्या पायाचा प्रॉब्लेम हाये म्हनला होता ना? मंग तू चालव. तुहा पाय, तुही चाल. खामगावले जायचं अन् यायचं. एकदा तुह्या इंटेकवर, एकदा कंपनीच्या डब्यावर. टाकी फुल करून निघायचं, आल्यावर फुल करून पाह्यचं."

अंकुर टाळायला लागला. पण जी गिऱ्हाईकं उभी होती त्यातला एक म्हणाला, "जा ना भाऊ. आमाले बी बसवायचाच हाये, समजून जाईन." आता तो अडकला.

रविवारी सकाळी पंपावर जमलो. नितेश भातकुलीहून आला होता. मीही गेलो, कारण ताईंच्या बाजूनं कुणीतरी असावं असं मला वाटलं. अंकुर चालवायला, ताई शेजारी, आम्ही दोघं मागं. पहिली फेरी लाल फिल्टरवर. अंकुर बिचारा इतका जपून चालवत होता की ट्रॅक्टरही आमच्या पुढं गेले. परत येऊन टाकी भरली. मग वर्षालीच्या वर्कशॉपमध्ये सेन्सर साफ करून काळा डबा बसवला आणि पुन्हा खामगाव. ऊन वाढलं होतं, एसी चालूच ठेवला. या वेळी गाडी मुकाट धावली. पंपावर आलो तर टाकीत पहिल्या फेरीपेक्षा जवळजवळ एक लिटर कमी पेट्रोल मावलं.

नितेशनं मशीनच्या आकड्याचा फोटो काढला. अंकुर म्हणाला, "पण मधात तुमी सेन्सर साफ केला. हे बरोबर नाई."

"सेन्सर खराब कशानं झाला?" ताईंनी विचारलं.

अंकुर मशीनवरचा आकडा परत वाचायला लागला.

"बरं, थे बी सोड. तू तं दोन-तीननं वाढन म्हनला होता. तुह्या पायानं चालवली, उन्हाच्या आधी चालवली, तरी बी वाढला कोठी? दाखव!"

पंपावरचे चार लोक जमा झाले होते. अंकुरनं मान खाली घालून किल्ली ताईंच्या हातात दिली. माफ करा, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. त्या संध्याकाळी व्हिडिओ दुकानाच्या ऑनलाइन पानावरून गेला. नितेशचा इंटेक त्यानं काढून घेतला आणि पैसे परत दिले, तेही नितेश दुकानाच्या पायरीवर बसून राहिला म्हणून.

आणि पुढच्याच आठवड्यात टर्बो झोनच्या पानावर नवा व्हिडिओ आला. तोच लाल फिल्टर, तोच ढोलताशा, या वेळी अमरावतीचा कुणी पैलवान दंड ठोकून सांगतोय, "पिकअप डबल!"

स्टँडवरचे लोक ताईंना म्हणतात, "जाऊ द्या ताई, तुमचा व्हिडिओ तं निघाला ना." याच लोकांनी पायाची थट्टा केली होती. एकालाही वाटलं नाही की आपलं चुकलं. ताईंनी त्यांना एकदाच उत्तर दिलं, "थो खोटा अॅव्हरेज माह्या तोंडून निघाला, दुसऱ्याच्या तोंडी घातला. मंग गेला कोठी?"

ताईंची मुलगी आकांक्षा अकोल्याला कॉलेजात आहे. तिनं आईचा खरा व्हिडिओ केला. पंपावरचा आकडा, काळवंडलेल्या सेन्सरचा फोटो, सगळं त्यात आहे. तो थोड्याच लोकांनी पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं, 'काकू, आधी गाडी शिका.' आकांक्षा रडली. ताई रडल्या नाहीत. त्यांनी खाली आपला फोन नंबर लिहून त्या माणसाला कळवलं, 'ये, खामगावले जाऊ.' तो आला नाही.

जुना व्हिडिओ पानावरून गेला तरी लोकांच्या मोबाइलमध्ये अजून फिरतोय. ग्रुपमधून ग्रुपमध्ये जातो. म्हणून ताईंना अजूनही फोन येतात. परवा आईला घेऊन परत येत होतो. वाडेगाव फाट्याच्या अलीकडे फोन वाजला. ताई चालवताना फोन घेत नाहीत. त्यांनी गाडी बाजूला लिंबाखाली घेतली, हँडब्रेक लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, मी दर्यापूरहून बोलून राहिलो. थो इंटेक बसवू का? तुमी तं वाढला म्हनता."

"मी तसं म्हनलीच नाई, भाऊ," ताई म्हणाल्या. "तुह्यापाशी टाइम हाये का? पहिल्यापासून सांगतो."

मी मागं वळून आईकडे पाहिलं. डायलिसिस झाल्यावर तिला कधी एकदा घर गाठते असं होतं. तिनं डोळे न उघडताच हात हलवला.

"सांगू दे तिले," ती म्हणाली. "त्या पोट्ट्याचे पैसे तं वाचतीन."

ताई सांगत होत्या. पैलवानाचं नाव निघालं तेव्हा त्यांचा आवाज इतका चढला की फाट्यावरचा रसवंतीवाला गाडीजवळ येऊन विचारायला लागला, कोणाशी भांडण झालं का.