अलमारीतली बाई

चित्रकलेचा मास्तर असूनही माझ्या हातून आयुष्यात एकच चित्र बरं उतरलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बटर पेपरवर शाईनं काढलेला बायकोचा चेहरा. डाव्या नाकपुडीत चमकी, ओठांवर दाबून धरलेलं हसू. ते मी अलमारीत जपून ठेवलं होतं आणि अधूनमधून काढून बघत असे.

निवृत्तीनंतर मला जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं वेड लागलं. एकानं चित्र काढायचं, दुसऱ्यानं लाकडात कोरायचं, तिसऱ्यानं छापायचं, अशी तिथली जुनी रीत. नाटकातल्या नटांची चित्रं तर लोक हौसेनं विकत घेत. झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर असलेल्या आमच्या वडशात राहणाऱ्याला नटांच्या चित्रांचं वेड काय ते वेगळं सांगायला नको. मी ठरवलं, बायकोचा ठसा करायचा आणि साऱ्या सोयऱ्यांकडे एकेक प्रत धाडायची.

आमच्या गल्लीतले एक मुसलमान मिस्त्री दारांवर वेलबुट्टी कोरतात. त्यांनी हळदूच्या लाकडाची गुळगुळीत फळी काढली. अडचण एकच होती. जपानी रीतीत मूळ चित्रच भाताच्या खळीनं फळीवर पालथं चिकटवतात आणि त्याच्यासकट कोरतात. ठसा तयार होतो, चित्र संपतं.

माझा जीव होईना. मी गुपचूप झेरॉक्स काढली.

"असली हाये ना, सर?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो. इतकं सराईत खोटं मी शाळा तपासणीतही बोललो नव्हतो.

झेरॉक्सचा जाड कागद पालथा लावला तर रेघ दिसेना, म्हणून मीच तो सुलटा लावायला सांगितला. छाप उलटी येणार हे मला ठाऊक होतं. पण चेहरा उलटा आला तर कुणाला कळतंय, असं मी स्वतःला समजावलं.

पहिली प्रत मी ऐटीत बायकोपुढे धरली. तिनं ती उजेडात नेली.

"हे कोन बाई होय?"

"तूच की."

"माही चमकी डाव्या नाकात राह्यते. हे उजव्या नाकात चमकीवाली सिरोंच्याकडची कोनती तेलगू बाई आनली तुम्ही?"

मला सगळं कबूल करावं लागलं. तिनं अलमारी उघडली, चित्र काढलं आणि तडक मिस्त्रींकडे निघाली. मी मागे धावलो.

"भाऊ, हे चिकटवा."

"अगं, एकच आहे ते!" मी अक्षरशः हात जोडले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नव्या फळीला खळ लावली. पटाशीच्या पहिल्या घावाबरोबर कागदाचे कपटे उडाले. माझे डोळे भरून आले, लपवता येईनात.

"रडता काऊन? मी मेली का?" ती म्हणाली. "इतके वर्षं त्या अलमारीतल्या बाईले पाहून राह्यले. मी चूल फुकून राह्यली, तुम्ही तिले पाहून राह्यले. आता जरा इकडं पाहा."

मी पाहिलं. कपाळावरचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, मला आठवेना. फार लाज वाटली.

"तुझे केस पिकले गं," मी म्हणालो.

मिस्त्री हसले. ती नाही हसली.