कागद कोरडा तर माणूस पास

पावसाळ्यात जंगल तुडवणाऱ्या माणसांकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. न वाळलेले बूट आणि किस्से! बूट घरचे लोक एक दिवस उचलून भंगारवाल्याला देऊन टाकतात. किस्से भंगारवालाही घेत नाही. आमच्या कंपूचे किस्से सगळे बुटांचेच आहेत. सुरुवातीचे हसण्यासारखे आहेत. पुढच्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

*

आमचे म्होरके गद्रे. सरकारी कचेरीतून निवृत्त, राहायला शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. दर श्रावणात ते आम्हाला कोयनेकडच्या जंगलात नेतात. तिथे वाट कमी आणि ओढे जास्त, त्यामुळे पाय भिजणारच. गद्र्यांचं तत्त्वज्ञान साधं आहे. "पाणी आत येऊ नये म्हणून धडपडू नका. आलेलं बाहेर कसं जाईल ते बघा!"

त्यासाठी त्यांनी परीक्षा काढली. निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी सगळ्यांनी बूट घेऊन त्यांच्या गॅलरीत जमायचं. बूट बादलीत बुडवायचे आणि दोरीवर टांगायचे. पोहे, जेवण, गप्पा. संध्याकाळच्या चहाला बूट उतरवून वर्तमानपत्रावर ठेवायचे आणि वरून दाबायचे. कागद ओला झाला तर माणूस घरी. कागद कोरडा तर माणूस पास.

पहिल्या वर्षी नितीन आला. खराडीत आयटीत नोकरी, पायात महागडे बूट. "काका, हे फुल वॉटरप्रूफ आहेत. एक थेंब आत येत नाही!"

गद्र्यांनी शांतपणे तांब्याभर पाणी त्या बुटात ओतलं.

"अहो काका!"

"ओरडू नकोस. आत आलंय ते. आता बाहेर जा म्हण त्याला."

तो बूट गणपतीपर्यंत वाळत होता!

*

आमच्या कंपूतले बापू काळे यांचं बुधवार पेठेत चपलांचं दुकान आहे. एकदा एक गिऱ्हाईक नायलॉनचा बूट उलटापालटा करून विचारत होतं, "यात पाय कोरडे राहतील ना?"

बापू म्हणाले, "राहतील की. घरी बसलात तर."

गिऱ्हाईक गेलं. बापूंना त्याचं काही नाही. आमचे बूट मात्र ते मन लावून तयार करतात. हलका, जाळीचा बूट घ्यायचा, आतलं स्पंजचं अस्तर काढून टाकायचं आणि तापवलेल्या दाभणाने बाजूला भोकं पाडायची. पाऊल टाकलं की पाणी पिचकारीसारखं बाहेर!

शिवाय ते प्रत्येकाच्या टाचेच्या रबरावर एक खूण कापतात. गद्र्यांची फुली, माझी आडवी रेघ. जंगलात धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही, चिखलातले ठसे तेवढे दिसतात. कोण पुढे गेलं, कोण राहिलं, ते मागचा माणूस ठशांवरून सांगतो. त्या सगळ्यात मागच्याला आम्ही शेपूट म्हणतो. गद्रे पुढून हाक देतात, "शेपूट?" मागून उत्तर यायला हवं, "आलो!" उत्तर आलं की सगळे आहेत असं समजून चालायचं.

आमचं शेपूट वर्षानुवर्षं एकच होतं. श्रीपाद.

*

श्रीपाद शाळेत गणित शिकवायचा. टाचेवर खूण अर्धचंद्राची. दर वर्षी नवा बूट, नवा प्रयोग. कॅनव्हास झालं, शेतकरी घालतात ते रबरी बूट झाले, पट्ट्यांची सँडल झाली. "भर पावसात कोरडा राहील असा बूट मी एक दिवस शोधणार!" असं तो परीक्षेच्या दिवशी हमखास जाहीर करायचा.

त्याची बायको विद्यावहिनी तेव्हा नुसती पोह्यांना यायची. ती म्हणायची, "अहो, आधी न्हाणीघरातून कोरडे पाय घेऊन बाहेर येऊन दाखवा!"

सगळी गॅलरी हसायची. त्यात श्रीपाद सर्वांत जास्त.

*

एका वर्षी जंगलात डबे उघडल्यावर श्रीपाद म्हणाला, "आज आपल्यात अनवाणी कोण चालतंय?"

आम्ही आपापल्या पायांकडे पाहिलं. सगळ्यांच्या पायांत बूट होते.

"चिखलात एक अनवाणी पाऊल आहे. आपल्या ठशांच्या वर उमटलेलं. म्हणजे तुम्ही गेल्यानंतरचं, आणि माझ्या आधीचं."

"गावातला कुणीतरी असेल," गद्रे म्हणाले.

"असेल. पण मोठ्या जांभळीच्या बुंध्यापर्यंत जातं आणि तिथे संपतं."

"मग चढला असेल झाडावर! पोळी खा."

श्रीपादने पोळी खाल्ली. निघताना नितीन हळूच म्हणाला, "काका, त्या जांभळीला खालून फांदी कुठे होती?"



*

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट आम्ही आपसांतही फारशी काढत नाही.

मोठ्या ओढ्यापाशी दुपारीच धुकं उतरलं. पाणी गुडघ्याच्या वर होतं. आम्ही एकेक करून अलीकडे आलो. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एक सपाट कातळ आहे, त्यावर श्रीपाद आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. मग तोही दिसेनासा झाला.

"शेपूट?" गद्र्यांनी हाक दिली.

"आलो!"

आवाज त्याचाच होता. अगदी जवळून आला. आम्ही चालायला लागलो. चढावर गद्र्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं. धुकं उठल्यावर मागे बघितलं तर वाट रिकामी. मी ठसे बघत परत ओढ्यापर्यंत गेलो. आमच्या सगळ्यांच्या खुणा होत्या. अलीकडच्या काठावर अर्धचंद्र एकही नव्हता.

त्याने ओढा ओलांडलाच नव्हता. मग चढावर उत्तर कोणी दिलं?

गावकऱ्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं. माणूस नाही, सॅक नाही, बूटसुद्धा नाही.

*

त्या वर्षी श्रीपादचे दोन जोड पास झाले होते. एक तो घालून गेला, दुसरा गद्र्यांच्या दोरीवर राहिला. निघताना कोरडा खडखडीत होता, मी स्वतः हात लावून पाहिला होता.

आम्ही परत आलो तेव्हा तो जोड ओला होता. गॅलरीत वाऱ्याने पाऊस आला असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. गणपती झाले, दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन तापलं. गद्र्यांच्या सूनबाईंनी कुरडया वाळवाव्यात तसे ते बूट गच्चीवर उन्हात ठेवले. संध्याकाळी कागदावर दाबले. कागद ओला!

बापूंनी आयुष्य चपलांत काढलंय. त्यांनी बूट उलटा केला, हुंगला आणि खाली ठेवला. "ओढ्याचा वास येतोय," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

*

पुढच्या परीक्षेला विद्यावहिनी स्वतःचे बूट घेऊन आली.

"मला त्या कातळावर जायचंय," ती म्हणाली. "ह्यांनी 'आलो' म्हटलंय ना? मग आले का नाहीत, ते मला तिथे उभं राहून बघायचंय. आणि दोरीवरचे ते बूट ह्यांना द्यायचेत."

गद्र्यांनी तिचे बूट बादलीत बुडवले. संध्याकाळी कागदावर पुसट डाग उठला. "नापास, वहिनी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. हाक त्यांनीच दिली होती आणि उत्तरावर विश्वासही त्यांनीच ठेवला होता. त्या ओढ्याकडे आम्हाला पुन्हा न्यायला ते तयार नव्हते.

त्याच्या पुढच्या वर्षीही नापास. तिसऱ्या खेपेला वहिनी सरळ बापूंच्या दुकानात गेली. बापूंनी तिच्या बुटांना अशी भोकं पाडली की नितीन म्हणाला, "काकू, हा बूट आहे की चहाची गाळणी?"

"पास होण्याशी मतलब," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी गद्र्यांनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"अहो गद्रे, पेपर वाचताय की निकाल?" बापूंनी विचारलं.

"पास," गद्रे म्हणाले.

*

यंदाच्या श्रावणात आम्ही त्या ओढ्यावर गेलो. शेपूट मी होतो. पाऊस असा की बोललेलं ऐकू येऊ नये. गद्र्यांनी पलीकडे जाऊन दोर बांधला. त्याला धरून आम्ही सगळे त्या कातळावर चढलो.

वहिनीने सॅकमधून श्रीपादचे बूट काढले. वर्तमानपत्रात गुंडाळले होते, तो कागद नेहमीसारखाच लगदा झालेला. तिने बूट कातळावर ठेवले, टोकं आमच्याकडे करून. त्यांच्या भोकांतून पाणी गळत होतं. कातळावरून पाण्याचा ओघळ वाहत होता.

तिने हात जोडले नाहीत, ती रडलीही नाही. थोड्या वेळाने वाकून तिने बूट उचलले.

खालचा दगड कोरडा होता.

दोन ठसे, डाव्या-उजव्या पावलांचे. टाचेशी अर्धचंद्र. भोवताली सगळा कातळ काळाभोर भिजलेला आणि मध्ये ते दोन ठसे उन्हात तापलेल्या दगडासारखे पांढरे. पाऊस त्यांच्यावर पडत होता, आम्हाला दिसत होता. दगड भिजत नव्हता.

गद्र्यांनी ओंजळभर पाणी घेऊन त्यावर ओतलं. ते बाजूला वाहून गेलं.

वहिनीने ठशावर तळवा दाबला आणि तो कोरडा तळवा गद्र्यांसमोर धरला. "बघा. पास?"

गद्र्यांनी होकारार्थी मान हलवली.

"वाळले एकदाचे!" ती म्हणाली. हे ती आम्हाला म्हणाली नाही. गॅलरीत पोह्यांची ताटली हातात घेऊन श्रीपादला बोलायची, तोच आवाज होता. "चला आता घरी. किती वाट बघायला लावायची माणसाला!"

तेवढ्यात नितीनने माझं मनगट धरलं. त्या दोन ठशांच्या पुढे, आमच्या बाजूला, ओला दगड हळूहळू पांढरा होत होता. आधी टाच, मग चवडा. तिसरं पाऊल.

बूट तिथेच ठेवून आम्ही ओढा ओलांडला. मी सगळ्यांच्या मागे होतो. चढ संपेपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

आणि गद्र्यांनी त्या दिवशी "शेपूट?" अशी हाक एकदाही दिली नाही.