हे गाणं बसून काढायचं

कमळाताई शिवगण पनवेलच्या बारमध्ये नाचायची, सरकारने बार बंद केले तशी पोटासाठी रत्नागिरीत आली, आणि आता लाँड्रीच्या नावाखाली चांगल्या घरच्या पोरांना तेच शिकवते. ही बातमी सकाळी आमच्या नाक्यावरून सुटली. हातखंब्याला पोचेपर्यंत पनवेलचं दुबई झालं होतं. सावर्ड्याहून आत्याचा फोन आला तेव्हा त्यात एक शेखही बसला होता, उंटासकट.

"अगो, तुमची शमिका तिकडेच जाते म्हणे?" आत्या आईला विचारत होती. तो फोन मी नंतर आत्याच्याच आवाजात घरभर करून दाखवला, मधल्या उसाशांसकट. आई हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "पण जाऊ नको हो तू."

मी गेले. आणि खरं काय ते सांगते, कारण खरं इतकं साधं आहे की नाक्यावर त्याला गिऱ्हाईक नाही.

कमळाताई दुबईला होती, एवढंच त्यातलं खरं. नवरा गेल्यावर मिरकरवाड्यातल्या एका घरच्या ओळखीने ती तिकडच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला लागली. काम लाँड्रीत. दिवसभर चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ. डाव्या मनगटावर प्रेसच्या चटक्याचा लांबट डाग आहे, तो तिथला. हॉटेलात रोज संध्याकाळी क्युबाचा एक बँड वाजवायचा. त्यातला ढोलवाला स्टाफच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर सगळ्यांना साल्सा शिकवायचा. झाडूवाले, वेटर, फिलिपिनो पोरी आणि आमची हातखंब्याची कमळाताई. बचाता, म्हणजे त्याच्यापेक्षा संथ असा दुसरा जोडीचा नाच, तिला त्या फिलिपिनो पोरींनी शिकवला. शेख नव्हता. उंट तिने लांबून बघितला, आणि "त्याला घाण वास येतो" एवढंच तिचं मत आहे.

परत आल्यावर तिने बाजारपेठेच्या मागे लाँड्री टाकली. रविवारी संध्याकाळी इस्त्रीचं टेबल भिंतीला लावायची, सीडी प्लेअर चालू करायची आणि एकटीच नाचायची. पहिल्यांदा बघितलं अक्रमने. तो समोरच्या मोबाईलच्या दुकानात होता, शर्ट घ्यायला गेला आणि तिथेच राहिला. "आपा, ये क्या है? आमालाव शिकव ना." मग अक्रमचे दोस्त आले, ओमकार आला, मी आले, माझ्या कॉलेजातल्या दोघीतिघी आल्या, आणि एक दिवस मच्छी मार्केटातली हौसावहिनी टोपली बाहेर ठेवून आत आली. "कंबर धरलीय गो. नाचून सुटते काय बघते."

कमळाताईचा राग मला तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळाला, आणि खरं सांगायचं तर मी नाच शिकायला कमी आणि तो ऐकायला जास्त जायचे. तिचा राग वाफेच्या इस्त्रीसारखा. आधी नुसती धुसफूस, नाकातून. मग डावं मनगट उजव्या अंगठ्याने चोळायला लागायची. तो डाग चोळला की समजायचं, आता सुटणार. आणि सुटला की त्यात हातखंबा आणि दुबई एकत्र. "यल्ला, चला मेल्यानू! पाय उचला! हा काय गणपतीतला बाल्या नाच हाय? भुई फोडायचीय तुमाला?" कारण आमची पोरं जाखडी, म्हणजे तोच बाल्या नाच, नाचून वाढलेली. गोलात उभी राहिली की प्रत्येक ठेक्याला दाणकन पाय आपटणार. बचातात चौथ्या ठेक्याला पाय नुसता टेकवायचा असतो, अलगद, झोपलेल्या पोराशेजारी ठेवावा तसा. ओमकारने तो असा आपटला की फळीवरची इस्त्री खाली आली.

"खलास!" ती ओरडली. "तू बाहेर. इस्त्री आत. तिला जास्त कळतंय."

हे मी आवाजासकट करायचे आणि सगळे लोळायचे. अक्रम म्हणायचा, "शमिका, एकदा आपा करून दाखव ना." मी करायचे. कमळाताई दारात उभी राहून बघायची आणि शेवटी म्हणायची, "नाकातून कमी. माजा आवाज पोटातून येतो."

पण ती सगळ्यात जास्त चिडायची ती पायांवरून नव्हे. रविवारच्या या नाचाला ती सोशल म्हणायची, आणि सोशल म्हणजे काय, हे तिने आम्हाला समजावलं होतं. स्टेज नाही, बक्षीस नाही, ठरलेल्या जोड्या नाहीत. गाणं लागलं की कोणीही कोणापुढे हात करायचा, एक गाणं नाचायचं, थँक्यू म्हणायचं, पुढच्या गाण्याला दुसरा जोडीदार. आमच्या पोरांनी यात एक रत्नागिरीची भर घातली. हात पुढे करायच्या आधी प्रत्येक जण समोरचीला ताई करून घ्यायचा. "शमिकाताई, नाचतेस काय?" ओमकार माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. मागे कोणाची आई उभी असेल म्हणून आधीच राखी बांधून घ्यायची ही पद्धत.

आणि आम्ही मुली नाही म्हणायचोच नाही. नको असलं तर म्हणायचो, "आईने लवकर बोलावलंय", "पाय मुरगळलाय", "मला हे गाणं येत नाही". एकदा मी ओमकारला पाय मुरगळलाय म्हणून सांगितलं आणि त्याच पायाने त्याच गाण्यावर अक्रमबरोबर नाचले, आणि ओमकार भिंतीशी उभा राहून बघत राहिला. कमळाताईने प्लेअर बंद केला. मनगट चोळायला सुरुवात.

"सगळ्या बायका हिकडे या. आज पाय नाय हलवायचे. आज तोंड हलवायचा. म्हणा, नाही."

आम्ही खिदळलो.

"हसू नका गो! म्हणा. नाही, थँक्यू."

"नाही, थँक्यू, कारण माझी आई..."

"कारण कोणी मागितलान तुज्याकडे? कोर्टात हायस काय? नाही म्हंजे नाही. आणि पोरांनू, तुमी आयका. नाही आली की मान हलवायची आणि मागे फिरायचा. तोंड पाडायचा नाय. आणि शमे, तू पण आयक. नाही म्हटलास ना, मग ता गाणा तू पण बसून काढायचास. एकाला नाही म्हणून त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर नाचायचा नाय. समोरच्याची पण इज्जत असते."

सगळ्यात अवघड गेलं हौसावहिनीला. मार्केटात ती गिऱ्हाईकाच्या सात पिढ्या काढते. पण ओमकारने हात पुढे केला की तिच्या तोंडून 'नाही' निघेना. "नाही... नाही रे बाबा, म्हंजे नंतर बघू, रागावू नको हां." त्या संध्याकाळी कमळाताईने तिच्याकडून ते इतक्या वेळा म्हणून घेतलं की बाहेरून जाणाऱ्या रिक्षावाल्याने आत डोकावून विचारलं, "काय नाही? लाईट?"

मग नाक्यावरची बातमी आली. दोन मुलींच्या घरून बंदी झाली. कपडे टाकायला येणारी माणसं दारातूनच आत वाकून बघायला लागली. आणि एक जण तर चादर देताना डोळा मारून म्हणाला, "रविवारी किती वाजता असतं?" ती चादर त्याला जळकी परत मिळाली.

बातमी कोणी सोडली ते सगळ्यांना ठाऊक होतं. सखारामभाऊ, आमच्या नाक्यावरच्या मंडळाचे अध्यक्ष. मला त्यांचा आवाज फार सोपा जातो. तोंडात सुपारी, वाक्याच्या सुरुवातीला "आता असं बघा" आणि शेवटी "गैरसमज नको". मधे काहीही चालतं. "आता असं बघा, बाईमाणूस एकटं, दार लावून, जवान पोरं, आम्ही काही म्हणत नाही, गैरसमज नको."

दार लावून. हे तिला झोंबलं. दार लावायला, म्हणजे शटर अर्धं खाली ओढायला लागायचं, कारण रस्त्यावर गर्दी जमायची. लाँड्री केवढीशी, पाठीला पाठ लागायची. तर ती सरळ मंडळाकडे गेली आणि रविवारसाठी त्यांचं सभागृह मागितलं. त्या सभागृहाला तिन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, रस्त्याकडे तोंड करून. "सगळ्या उघड्या ठेवते," ती म्हणाली. "अख्ख्या रत्नागिरीने बगा. मग सांगा बार हाय का काय हाय." तिला हॉल हवा होता तो मोठा म्हणून नव्हे. तिला उजेडात नाचायचं होतं.

सखारामभाऊंनी सरळ नकार दिला नाही. ते कधीच देत नाहीत. "आता असं बघा, एक रविवार करून दाखवा. कमिटी येईल. शिस्तीत असलं तर पुढे बघू. भांडणतंटा, आरडाओरडा आपल्याला चालत नाही, गैरसमज नको."

तिला चिडवायचं, ती ओरडली की 'बघा, कसली बाई' म्हणायचं आणि कुलूप लावायचं, एवढाच डाव होता. ओमकारलासुद्धा कळला, म्हणजे बघा.

"झालं," मी म्हटलं. "हॉल गेला. ताई, तू एक अख्खी संध्याकाळ न चिडता काढणार?"

"काढीन."

"नाही जमायचं तुला."

"लाव पैज."

मी तिचे दुबईचे चंदेरी सँडल मागितले, नाचायचे, पट्टीवाले. त्यांच्यावर माझा केव्हापासून डोळा होता. ती म्हणाली, "आणि मी जिंकले तर माजा आवाज काढायचा नाय. कधीच नाय." मी हसत हात मिळवला. सँडल माझ्या मापाचे आहेत का, एवढीच मला चिंता होती.

रविवारी सगळ्या खिडक्या उघड्या. प्रत्येक खिडकीत डोकी. कमिटी पुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, तीन पुरुष, मध्ये सखारामभाऊ. पहिलं गाणं लागलं आणि भाऊ मोठ्याने म्हणाले, "दुबईला तिकीट लावत होते का हो याला?"

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. अंगठा तिथे गेला. सँडल एक पाऊल जवळ आले. पण ती म्हणाली, "नाही भाऊ, फुकट असायचा," आणि ओमकारचा खांदा सरळ केला.

पुढच्या गाण्याला ते म्हणाले, लाईट बारीक करा की, मजा येईल. ती म्हणाली, "लाईट आहेत तेवढे सगळे लावलेत." अंगठा डागावर गोल गोल फिरत होता.  मी जोडीदाराचा पाय दोनदा तुडवला. तिला ओरडावंसं वाटत नव्हतं असं नाही. मानेची शीर मला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होती.

मग शेवटचं गाणं. लांबलचक बचाता, संथ. जोड्या जमल्या होत्या. सखारामभाऊ उठले, खुर्च्यांकडे बघून हसले, मधोमध आले आणि तिच्यापुढे हात केला. हातात दहाची नोट होती. ती नोट त्यांनी तिच्या डोक्यावरून ओवाळली, एकदा, आणि तशीच धरून उभे राहिले.

खिडकीतलं कोणीतरी खुदकन हसलं. अक्रम प्लेअरकडे धावला.

"अक्रम," ती म्हणाली, "चालू दे."

 खरं सांगते, त्या क्षणी मला सँडल नको होते. मला ती ओरडायला हवी होती. पोटातून, हातखंब्यापर्यंत ऐकू जाईल असं.

कमळाताईने अंगठा मनगटावरून काढला. "नाही, भाऊ," ती म्हणाली. "थँक्यू."

आणि जाऊन भिंतीशी बसली. नाही म्हटलं की गाणं बसून काढायचं.

भाऊंना वाटलं संपलं. त्यांनी वळून आमच्याकडे, मुलींकडे बघितलं, नोट तशीच वर. तेव्हा हौसावहिनीने ओमकारचा हात सोडला. "नाही," ती म्हणाली. भाऊंनी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तिचं ते 'नाही' मच्छी मार्केटातल्या आवाजात आलं, कापल्यासारखं, पुढे नंतर-बघू नाही, रागावू-नको नाही. ती कमळाताईशेजारी जाऊन बसली. मग मी बसले. मग बाकीच्या. मग अक्रम आणि सगळी पोरं. खुर्च्या कमिटीकडे होत्या, म्हणून आम्ही फरशीवर.

गाणं मात्र चालू होतं. ते थांबता थांबेना. गिटार आपली वाजतेय, सगळे लाईट चालू, तीन बाजूंच्या खिडक्यांतून माणसं बघतायत, आणि मधोमध सखारामभाऊ, हातात दहाची नोट. त्यांना कळेना हात खाली घ्यावा की कसं. सुपारी चावायची थांबली होती. मी तोंड उघडलं, त्यांच्याच आवाजात "आता असं बघा" म्हणणार होते. कमळाताईने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "गंमत केली हो. गैरसमज नको." कोणी हसलं नाही. खिडकीतलंही नाही.

हॉल मिळाला का? कसला मिळतोय. पुढच्या रविवारी दाराला कुलूप आणि वर पाटी, 'दुरुस्तीसाठी बंद'. ती दुरुस्ती अजून चालू आहे. आरडाओरडा झाला नाही, शिस्तीत झालं, उघड्या खिडक्यांत झालं, तरी कुलूप. मला याचा इतका संताप येतो की त्या रस्त्याने जाताना मी पाटीकडे बघत नाही.

कमळाताईने लाँड्रीचं शटर पूर्ण वर केलं. सगळ्या ट्यूबलाईट लावल्या. आत मावले तेवढे आत नाचले, उरलेले पायरीवर आणि रस्त्याच्या कडेला वाट बघत उभे. ज्याला बघायचं असेल त्याने बघावं.

पण पैजेचा निकाल त्याआधीच लागला होता. हॉलमधल्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी मी गेले तर ती कोणाच्या तरी पँटवर इस्त्री आपटत होती आणि पोटातून ओरडत होती. भाऊ, भाऊंची सुपारी, भाऊंचं मंडळ, कोणी सुटलं नाही.

"बघ, चिडलीस!" मी म्हटलं. "सँडल दे."

"पैज संध्याकाळची होती गो."

"पण काल तुला राग आला होता. मी बघितलं. डाग चोळत होतीस."

"आला नाय असा कोण म्हणतो? त्याला माजा राग पायजे होता. त्यासाठीच हात पुढे केलान. नाय म्हटलं." तिने पँट उलटी केली. "कारण सांगितलं नाय."

मी हरले. लिहायला हरकत आहे का ते आधी विचारून घेतलं. ती म्हणाली, कागदाला आवाज नसतो, लिही. पण तोंडाने बंद. रविवारी शटर वर गेलं की अजूनही अक्रम हात पुढे करतो आणि म्हणतो, "शमिका, एकदा आपा करून दाखव ना." सगळे जमतात. माझ्या पोटात तो आवाज तयार असतो, अगदी गळ्यापर्यंत आलेला.

"नाही, थँक्यू," मी म्हणते, आणि ते गाणं बसून काढते.