रॅमचा दुसरा स्लॉट

पंखे फिरत होते. कॅबिनेटचा पुढचा, मागचा, प्रोसेसरवरचा छोटा, सगळे आपापलं काम इमानेइतबारे करत होते. मॉनिटरवर मात्र सकाळपासून तेच दोन शब्द येत होते, नो सिग्नल. थोड्या वेळानं तेही विझायचे आणि काळ्या काचेत मी दिसायचे, केस न विंचरलेली. खोलीतला कूलर या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होता.

माझा मोठा भाऊ टोमॅटोचे रिकामे क्रेट हातात घेऊन दारात उभा होता.

"करंट तर येऊन राह्यला ना," तो म्हणाला. "मंग काऊन नाई लागून राह्यलं?"

"मले माहीत असतं तर लावलं नसतं का, दादा?"

आमचं ठरलं होतं ते असं. आई गेल्यावर बोरगाव मेघेच्या या दोन खोल्यांत मी एकटी उरले होते. बाबा आधीच गेलेले. भावाचा संसार कारंजाला, तिथं तो भाजीपाला करतो. बहिणीनं एकटीनं राहावं हे त्याला पटत नव्हतं, आणि त्याच्या न पटण्यात वाईट काही नव्हतं. वर्ध्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नाचे अल्बम डिझाइन करायची, ती नोकरी आईच्या दुखण्यात सुटली होती. स्टुडिओवाले म्हणाले, घरून काम देतो, पण मशीन तुमचं पाहिजे. तेव्हा मी भावाला सांगितलं, मी मशीन जोडते. चाललं तर इथंच राहीन, नाही चाललं तर मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसेन. त्या रविवारी तो वांगी आणि कोथिंबीर बाजारात उतरवून रिकामी पिकअप घेऊन आला होता. गाडी फाटकाशी उभी होती.

मशीन सुरू व्हावं असं मला मनापासून वाटत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या महिन्यांत मला काहीच वाटत नव्हतं. आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बायका मला छातीशी धरून 'रडून घे बाई' म्हणत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते की अंगणातला नळ कोणीतरी अर्धवट बंद केला आहे. भाऊ ढसाढसा रडला. वहिनी रडली. शेजारची, जिनं आईशी कधीचा अबोला धरला होता, तीही रडली. मी उठून नळ बंद करून आले. पोरगी धीराची आहे, असं मागे कोणीतरी म्हणालं. धीर कसला आलाय. वरण अळणी झालंय की खारट, हेसुद्धा मला तेव्हा दुसऱ्यानं सांगावं लागायचं.

हे मशीन घरी जोडायची कल्पना खरं तर आईची. मागच्या वर्षी तिला चार पावलांत धाप लागायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "तुझे ते अल्बम घरीच करत जाय ना. मलेबी सोबत होते." तयार कॉम्प्युटर झेपणारा नव्हता, म्हणून मी एकेक सुटा भाग आणत गेले. आधी कॅबिनेट, मग मदरबोर्ड, मग रॅमची एक पट्टी. जोडणीचे व्हिडिओ पाहून पाहून पाठ केले. आई ब्लाउज शिवता शिवता ते ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हा माणूस किती बोलते."

दसरा आला. दसऱ्याला घरातली अवजारं पाटावर मांडायची. आमच्याकडची अवजारं म्हणजे तिची शिलाई मशीन, कात्री, विळी आणि माहेराहून आणलेलं एक खुरपं. त्या वर्षी ती म्हणाली, "तुझी मशीन आण."

"आई, मशीन कुठं हाय अजून? नुसते डबे हायेत."

"मंग डबे आण. आन ते पाटी खोलून ठेव. देवाले बंद डबा काऊन दाखवायचा?"

पाटी म्हणजे मदरबोर्ड. त्याला कुंकू लागलं तर तो जाईल, पाणी पडलं तर जाईल, नुसता हात लागला तरी जाईल, असं मी तिला बजावून बजावून सांगितलं. ती हो हो म्हणाली. कुंकवाचं बोट तिनं खोक्यालाच लावलं, झेंडूही खोक्यावरच वाहिला. मी निरांजनात वात घालायला वळले, तेवढ्यात तिनं मूठभर अक्षता घेतल्या आणि मांडवात नवरानवरीवर टाकतात तशा सरळ बोर्डावर टाकल्या. अक्षता तरी कशा, सकाळी सुपात घेऊन निवडलेल्या. तुटका दाणा तिला चालायचा नाही. मी ओरडले. बोर्ड उलटा करून झटकला, फुंकर मारली, आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

"तांदळानं काय होते," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. प्रोसेसर घ्यायचा राहिला. संक्रांतीनंतर ती गेली. खोकी पलंगाखाली तशीच होती, कुंकवाच्या बोटासकट. उन्हं तापायला लागल्यावर मी प्रोसेसर आणला, कारण भावाला काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

तर तो रविवार. बोर्डाच्या कोपऱ्यात रॅमच्या नावाचा एक बारीक लाल दिवा लागून राहत होता. व्हिडिओतल्या बोलक्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे याचा अर्थ रॅम नीट बसलेली नाही. मी पट्टी काढली, बसवली. खोडरबरानं तिची सोनेरी कड घासून पुसली, पुन्हा बसवली. एका टोकाची कडी लागायची, दुसऱ्या टोकाची कशीबशी. जास्त जोर लावला की बोर्ड वाकायचा, म्हणून बेतानं घेत होते. सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. बोर्डावरचा गोल सेल काढला, लावला. लाल दिवा विझला नाही.

पट्टी वेगळ्या स्लॉटात, म्हणजे शेजारच्या खाचेत लावून पाहा, असंही तो माणूस सांगत होता. पण बोर्डाच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं की पट्टी एकच असेल तर प्रोसेसरपासून दोन नंबरच्या स्लॉटातच लावा, आणि मी ती तिथंच लावली होती. मी लिहिलेलं मानणारी आहे. यात मी आईवर मुळीच गेलेली नाही.

भावानं त्याच्या परीनं हातभार लावला. शेतातली मोटर लागत नाही तेव्हा तो जे जे करतो ते सगळं त्यानं केलं. फ्यूज पाहिला, प्लग बदलला, आतल्या खोलीतून वायर ओढली, आणि शेवटी कॅबिनेटला एक थाप मारली.

"मोटर होते कधीकधी अशी चालू," तो ओशाळून म्हणाला.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. जेवणं झाली. तो भिंतीला टेकून बसला, मोबाइलवर वहिनीशी हळू आवाजात बोलला आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाई, झालं आता. सामान भरू. तुझी वहिनी वाट पाहून राह्यली."

"बरं," मी म्हणाले.

भांडी एका क्रेटमध्ये, कपडे दुसऱ्यात. आईची शिलाई मशीन त्यानं एकट्यानं उचलली. ती दारातून बाहेर जाताना मी पाहिली. घर चाललं आहे हे मला कळत होतं, जसं भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते कळतं, तेवढंच. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मशीन सोडवायला बसले.

सगळ्यात आधी रॅमची पट्टी काढली. तिचं खोकं पलंगाखाली पार भिंतीशी सरकलं होतं. वाकायचा कंटाळा आला. पट्टी कुठेतरी ठेवायची म्हणून मी ती शेजारच्या रिकाम्या स्लॉटात दाबली. दोन्ही टोकांच्या कड्या एकदम वाजल्या, खट्ट. असा आवाज सकाळपासून एकदाही आला नव्हता.

मी उठले. मग भिंतीवरचं बटण दाबलं, मशीनचं दाबलं.

मॉनिटरवर अक्षरं आली. प्रोसेसरचं नाव, रॅम किती आहे ते, आणि खाली, कीबोर्ड सापडत नाही अशी तक्रार.

"लागलं का?" भावानं फाटकातून विचारलं. त्यानं उजेड पाहिला असावा.

"लागलं."

राहायचं ठरलं, असा त्याचा अर्थ होता. तो दोघांनाही कळला. मला आनंदही झाला नाही. डोक्यात एवढंच होतं की मग त्या स्लॉटचं बिनसलं काय होतं. मशीन बंद केलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाकून पाहिलं.

खाचेच्या तळाशी तांदळाचा एक दाणा आडवा पडला होता, कुंकवानं लाल झालेला. माझ्या दाबण्यानं एका टोकाला चेपला होता, पण अख्खा होता.

आधी आला तो राग. कानशिलं तापवणारा, खराखुरा राग, कित्येक महिन्यांनी.

"तुले सांगतलं होतं ना मी," मी मोठ्यानं म्हणाले. तोंड स्वयंपाकघराकडे होतं, कारण या वेळी ती तिकडेच असायची. "बोर्डावर टाकू नको म्हणून सांगतलं होतं. तू कोणाचं आयकतच नाई. सकाळपासून मरून राह्यली मी इथं."

एवढं बोलून मी थांबले. माझ्या अशा बोलण्यावर तिकडून काहीतरी यायचंच, ते ऐकायला मी नेहमीसारखी थांबले. कूलर चालू होता. मी अजून थोडी थांबले, आणि मग मला कळलं की उत्तर येणार नाही. आज नाही, कधीच नाही. मी तोंडावर हात दाबून धरला, पण आवाज थांबेना.

भाऊ धावत आला. त्याला वाटलं मला करंट लागला. त्यानं आधी भिंतीवरचं बटण पाडलं, मग माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. मी स्लॉटकडे बोट दाखवलं आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ आत पाहत राहिला.

"दसऱ्याच्या अक्षता?" त्यानं विचारलं.

मी मान डोलावली.

"टाचणीनं काढून देऊ का?"

"राहू दे."

तो उठला, बाहेर गेला. पिकअपचं मागचं फळकं पडल्याचा आवाज आला. मग तो शिलाई मशीन दोन्ही हातांत धरून, तिरका होऊन दारातून आत आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"कुठं होती हे," तो म्हणाला. "खिडकीपाशी ना?"