मास्तर, कोठी चालले?

लेकरांना घेऊन फिरायला जाणाऱ्या बाईला गोष्टी शोधत बसावं लागत नाही. सोमवारी धुणं काढलं की मी पोरांचे खिसे उलटे करायची. चिंचोके, पिसं, शंख, तुटकी बांगडी, एकदा तर जिता बेडूक! अर्धं मी उकिरड्यावर टाकायची, अन् त्यातलं अर्धं पोरं परत उचलून आणायची. किश्श्यांचंही तसंच झालं. मी टाकून दिलेलं आजही कोणीतरी उचलून आणतं अन् म्हणतं, "माय, हे आठवते का तुले?"

साठ सालच्या आगेमागची गोष्ट. माझे यजमान मुकुटबनला प्राथमिक शाळेत शिकवायचे. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. दगडू सात वर्षांचा, सुजाता चार वर्षांची, गौतम माझ्या कडेवर. घर म्हणजे दोन खोल्या अन् वर टिनं. रविवारी त्या दोन खोल्यांत तीन पोरं अन् एक मास्तर काही मावायचे नाहीत. एका रविवारी मीच म्हटलं, "घेऊन जा बाप्पा यांना कोठी!" मास्तर म्हणाले, "तूबी चाल."

* * *

त्या काळी गावात बिनकामाचं कोणी चालत नसे. शेतात, बाजारात, लग्नाला नाहीतर मयताला, माणूस चालला म्हणजे काम असणारच. आम्ही पाचही जण निघालेलो पाहून शेजारची शेवंताबाई दारात आली. तिनं आधी तोंडावर पदर घेतला.

"मास्तर, कोठी चालले? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. फिराले चाललो."

"फिराले म्हणजे कोठी?"

"कोठीच नाही."

शेवंताबाईनं आमच्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, अन् खऱ्या काळजीनं विचारलं, "कोठीच नाही जाणार, तं परत कुठून येसान?"

तलावापर्यंत मास्तर तोच प्रश्न घोकत गेले!

* * *

सुजाताला प्रश्नांचा रोग होता. दर दहा पावलांना एक. मुंगी कोणाच्या घरी चालली? पळसाला लाल फुलं येतात, तर पानं कायले हिरवी? एकदा बैलगाडीच्या वाटेवर ती थांबली अन् म्हणाली, "बाबा, हा रस्ता कोठी जाते?"

मास्तरांतला मास्तर जागा झाला. "सुजे, रस्ता जात नसते. रस्ता इथंच असते. आपण जातो."

तिनं थोडा विचार केला. मग वाटेच्या मधोमध फतकल मारून बसली.

"रस्ता नाही ना जात? मंग मीबी नाही जात. मी त्याच्यासंगं बसतो."

मागून कडब्याची गाडी आली. गाडीवानानं बैल थांबवले. मास्तरांनी त्यालाही सगळं समजावून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मास्तर, आता तुम्हीच म्हना का रस्ता जाते. मले घरी जायाचं हाय!"

* * *

गावापासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ अन् धान्य लादून देशभर फिरलेले. आता तिथं शेती करत होते. तिथली सोनकीबाई शेळ्या घेऊन तलावावर यायची. तिच्या काचोळीवर, ओढणीवर ही एवढी आरशांची भिंगं. सुजाता तिच्यासमोर उभी राहिली ती हलेचना.

"आजी, एवढे आरसे कायले वं?"

मला लाज वाटली. सोनकीबाईला नाही वाटली. ती खाली बसली अन् म्हणाली, "पाय ना मंग. तूच पाय."

सुजाता पुढं वाकली. पाहिलं. मग दुसऱ्या भिंगात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. पोरीला त्या दिवशी सर्दी झालेली होती. मी सकाळपासून दहा वेळा ओरडले होते, "नाक पूस, नाक पूस!" तिनं ढुंकून पाहिलं नव्हतं. आता पंधरा-वीस सुजाता एकदम दिसल्या अन् वीसच्या वीस शेंबड्या!

तिनं गुपचूप फ्रॉक वर करून नाक पुसलं. मग परत सगळ्या आरशांत तपासून पाहिलं.

सोनकीबाई माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमचा एकच आरसा असंन घरी. एकानं नाही भागत लेकराचं!"

* * *

माझा भाऊ राजूरला कोळशाच्या खाणीवर होता. दिवाळीत आम्ही त्याच्याकडं गेलो. भाऊ पोरांना खाणीच्या बाजूला फिरवून आणायचा. परत येताना दगडूच्या खिशात कोळसा! चड्डी गेली ती गेलीच, पण मुकुटबनला आल्यावर मी पाहते तर हा पोरगा मोरीच्या पाण्याच्या कडेला रोज तांब्यानं पाणी घालून राह्यला.

मास्तरांनी विचारलं, "काय लावलं रे?"

"कोयसा."

मी हसायला लागले. मास्तरांनी मला हातानं थांबवलं. त्याला जवळ बसवून त्यांनी सगळं शिकवलं. फार फार वर्षांपूर्वी मोठाली झाडं होती, ती जमिनीत गाडली गेली, दबली, अन् त्यांचा कोळसा झाला. दगडूनं डोळे मोठे करून ऐकलं.

"झाडाचा कोयसा झाला?"

"हो."

"मंग कोयश्याचं झाड काहून नाही होनार?"

मास्तर म्हणाले, "तसं होत नसते." दगडू म्हणाला, "कोनी पानी घालून पाह्यलं काय?"

दुसऱ्या दिवशी दगडू शाळेत लवकर गेला, पाणी घालायचं विसरला. मी पाहिलं तर मास्तर मोरीपाशी उभे. हातात तांब्या! मला पाहून म्हणाले, "घालून पाह्याले काय जाते?"

* * *

छप्पन साली आम्ही नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, बौद्ध झालो. त्यानंतर झालेल्या लेकरांची नावं सुजाता अन् गौतम. दगडू आधीचा. त्याच्या आधीची माझी दोन लेकरं राहिली नव्हती. म्हणून सासूबाईंनी याचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे मरणानं म्हणावं, दगड आहे, जाऊ द्या.

एका रविवारी नाल्याच्या पुलावर बसलो होतो तेव्हा त्यानं विचारलं, "तुमी सगळे नवे झाले. मंग माह्यंच नाव कायले जुनं?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मास्तर म्हणाले, "आता तू मोठा झाला. आपलं नाव आपणच ठेवाचं. आठ दिवस इचार कर. तू म्हणशीन ते."

मी आठ दिवस मनात सुंदर सुंदर नावं घोळवली. राहुल, आनंद, सिद्धार्थ. पुढच्या रविवारी त्याच पुलावर दगडूनं उभं राहून सांगितलं.

"इंजिन!"

राजूरला त्यानं कोळशाच्या गाडीचं इंजिन पाहिलं होतं. मी मास्तरांकडं पाहिलं. शब्द देऊन बसले होते. करतात काय! सोमवारी वर्गात हजेरी घेताना मोठ्यानं म्हणाले, "इंजिन!" अन् दगडू ताठ उभा राहून म्हणाला, "हाजर!"

शनिवारी शाळा सुटल्यावर पोरगा घामाघूम होऊन घरी आला. शर्टाची पाठ फाटलेली.

"बाबा, दगडूच राहू द्या."

"काहून रे? काय झालं?"

"सगळे पोट्टे माह्या मांगं डब्बे होऊन लागून राह्यले. शाळेपासून घरापर्यंत ढकलत आनतेत मले!"

* * *

चैत्रातला एक रविवार. उन्हाच्या आधी म्हणून आम्ही सकाळीच निघालो. कोलाम आदिवासींच्या पोडाच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या पलीकडं मोहाची झाडं होती. खाली फुलांचा सडा पडलेला. पोडावरची लच्चूबाई टोपलीत फुलं वेचत होती. मी गौतमला पाजायला बसले. मास्तर दगडूला वारूळ दाखवत होते. मला वाटलं सुजाता त्यांच्यापाशी आहे. त्यांना वाटलं माझ्यापाशी.

"सुजी कोठी आहे?" मास्तरांनी विचारलं.

हाका मारमारून माझा गळा बसला. मास्तर नाल्यात उतरून पळत सुटले. दगडू रडायला लागला. लच्चूबाईनं टोपली टाकली अन् माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "चूप राय बाई. आयकू दे." तशी ती नुसती उभी राहिली, मान वाकडी करून. मला तो वेळ संपता संपेना.

मग झुडपांतून सुजाता आली. चालत, आरामात. ओच्यात मोहाची फुलं, हात चिकट, तोंड चिकट.

"कोठी गेलती वं?" मी तिला आधी एक चापट मारली, मग पोटाशी धरलं.

"तिकडं. तिकडचे फुलं मोठे हायेत. तिथं एक आजोबा बी होते. काळं कांबळं पांघरून बसलेले. फुलं तोंडानंच खात होते, हातच नाही लावत!"

लच्चूबाई त्या झुडपांमागं गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मास्तरांना ती हळूच म्हणाली, "कांबळं नोहे मास्तर. अस्वल व्हय. पायाचे ठसे ताजे हायेत."

मास्तरांनी दगडूचा हात धरला. पोरीला उराशी घट्ट धरून आम्ही घरची वाट धरली. ती मात्र वाटभर फुगून होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "म्या आजोबाले हात जोडून जयभीम केला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं अन् चालले गेले. एवढे मोठे झाले, बोलाची रीत नाही त्यायले!"

* * *

अन् हे एक शेवटचं. वैशाखात आम्ही एका गावाहून पायी परत येत होतो. उशीर झाला, ऊन डोक्यावर आलं, कडीच्या डब्यातलं पाणी संपलं. गौतम रडून रडून मलूल झाला. दगडूच्या ओठांवर पांढरं आलं. वाटेत एका शेतात विहीर होती. विहिरीवर एक म्हातारी बाई पाणी शेंदत होती, हातात पितळी लोटा. लांब बांधावर तिचा मुलगा झाडाखाली बैलं बांधत होता.

मास्तर बाहेरच थांबले. नागपूरहून आल्यापासून ते वरच्या जातीच्या विहिरीवर पाणी मागत नसत. म्हणाले, "घर दोन कोस हाये. चालू." पण मी गौतमकडं पाहिलं अन् पुढं झाले.

"माय, लेकरांना पाणी द्या जी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. कुठल्या वस्तीचे, ते तिला समजलं. तिनं लोटा भरला अन् विहिरीच्या ओट्यावर उभी राहिली. "वाकून बस. वरून वाढतो."

मी खाली बसले अन् माझे हात आपोआप ओंजळ होऊन वर गेले. लहानपणापासूनची सवय. कोणी शिकवलं ते आठवत नाही. मास्तरांनी तोंड फिरवलं.

सुजातानं असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं माझ्या ओंजळीकडं पाहिलं, वर म्हातारीकडं पाहिलं. मग ओट्याच्या पायऱ्या चढून तिच्यापाशी गेली.

"आजी, तुमचा हात दुखते काय? खाली नाही येत?"

सुजातानं तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, लोटा आपल्याकडं वाकवला अन् तोंड लावून प्याली. घटघट, श्वास न घेता. बांधावरचा मुलगा हातातलं काम थांबवून इकडं पाहू लागला.

प्यायल्यावर तिनं फ्रॉकच्या टोकानं लोट्याची कड पुसली. नीट, गोल गोल फिरवून.

"घ्या. आता तुमी प्या. थंड हाये."

म्हातारीनं लोट्यात पाहिलं. मग बांधाकडं पाहिलं. मग एकेक पायरी उतरून खाली आली, माझ्यापुढं वाकली अन् लोटा माझ्यासमोर धरला.

मी ओंजळ धरून बसलेलीच. सुजाता वरून चिडून म्हणाली, "माय, हात सोड ना आता! लोटा धर!"